वायर काढल्यावर

मे महिन्यातली दुपार होती. वच्छलाकाकू पदराखाली काहीतरी झाकून आल्या, तेव्हा मला वाटलं कैऱ्या असतील. आमच्या उंद्रीत त्या दिवसांत पदराखालून बहुतेक कैऱ्याच येतात. पण काकूंनी टेबलावर ठेवला तो हेडफोन होता. जुना, काळा, अख्खा कान झाकेल एवढाल्या दोन वाट्यांचा. डाव्या वाटीतून निघालेली वायर चांगली आठ-दहा हात लांब होती आणि मधोमध तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"तुह्या हेडफोनची वायर कशी काढता येते, पाह्यजे तवा लावता येते," काकू म्हणाल्या. "तशी याची करून देशीन का वं, समीक्षा?"

मी चिखलीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सुट्टीत घरी बसून हेडफोन उघडायचा मला नाद आहे. हेडफोनमध्ये सगळ्यात आधी मरते ती वायर. खुर्चीच्या पायाखाली सापडते, मांजर चावते, ओढून ओढून आतून तुटते. आतला स्पीकर मात्र ठणठणीत असतो. मग मी वाटीला एक भोक पाडून त्यात सॉकेट बसवते. वायर खराब झाली की काढायची, नवी खोचायची. असे चार हेडफोन मी तोवर केले होते, आणि चारही आजसुद्धा चालतात.

काकूंचं घर आमच्यापासून तिसरं. त्यांच्या शेजारी पिठाची गिरणी आहे आणि दुपारी ती सुरू झाली की टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून काकूंच्या यजमानांनी, उकंडकाकांनी, हा हेडफोन आणला होता. जेवण झालं की काका दिवाणावर बसायचे, हेडफोन कानावर चढवायचे आणि तीन वाजेपर्यंत टीव्हीकडे बघत राहायचे. नऊ वर्षं मी त्यांना असंच पाहिलं. मागच्या वर्षी माघात ते त्याच दिवाणावर, हेडफोन कानावर असतानाच गेले.

"दोन डाव पडली मी त्या वायरीत पाय अडकून," काकू म्हणाल्या. "आता मलेच सिरीयल पाहाची हाय. पण वायर आडवी नको. पाहून झालं का काढून ठेवता आली पाह्यजे."

"उद्या देते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून बसले. राम, माझा नवरा, खामगावला कामावर गेला होता. घरात मी एकटीच. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता, कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. कूलरची घरघर आणि गिरणीचा लांबून येणारा आवाज, एवढंच.

आधी कानाची गादी काढली. तिला निलगिरीच्या तेलाचा वास होता. काकांची कानामागे तेल चोळायची सवय मला आठवली आणि हसू आलं. गादीखाली चार स्क्रू. ते काढले, वाटी उघडली, जुनी वायर सोडवली. वाटीच्या खालच्या बाजूला हळूहळू भोक पाडलं, कानसेनं कडा साफ केल्या, सॉकेट बसवलं. डाव्या कानाची एक तार, उजव्याची एक, दोघांची सामाईक तिसरी. तारा केसांसारख्या बारीक, त्यांच्यावरचा लाखेचा थर जाळल्याशिवाय शिसं धरत नाही. टाका लावताना राळेचा धूर डोळ्यांत गेला. पण टाके छान बसले. गादी परत चढवली, माझ्याकडची नवी वायर खोचून मोबाइलवर गाणं लावलं. दोन्ही कानांत स्वच्छ आवाज. मी खूश.

मग सहज जुनी वायर हातात घेतली. चांगली जाड होती, तिला नवी पिन लावता आली असती. मधली चिकटपट्टी सोलली आणि हात थांबला.

आतल्या तारा जोडलेल्याच नव्हत्या. वायर धारदार कशानं तरी सरळ कापलेली होती. दोन्ही तोंडांमध्ये एक काडेपेटीची काडी घातली होती, वर दोरा आवळला होता आणि त्यावर चिकटपट्टी. वरून बघणाऱ्याला वाटावं की जोडली आहे. तांब्याची टोकं जुनी होऊन हिरवी पडली होती.

म्हणजे या हेडफोनमधून कित्येक वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं. मग काका कानावर चढवून काय ऐकत बसायचे?

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला, गिरणीही थांबली. एकदम इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून गादी नीट बसली का ते बघायला मी हेडफोन डोक्यावर चढवला. वायर काढून बाजूला ठेवलेली होती. सॉकेट रिकामं.

डाव्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

मी हललेही नाही. वाटलं, माझाच असेल. मी माझा श्वास रोखला. कानातला चालूच होता... सावकाश, जरा घरघरता, म्हाताऱ्या माणसाचा. आणि मग अगदी शांतपणे आवाज आला,

"ठेव. साखर कमी टाक."

हेडफोन मी इतक्या जोरात काढला की कानातलं डूल त्यात अडकलं.

वायर नाही म्हणजे प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणजे आतला पडदा हलणार नाही, पडदा हलला नाही म्हणजे आवाज नाही. हे मी दरवर्षी बारावीच्या पोरांना शिकवते. तेच पाठ म्हणत मी मल्टिमीटर आणला, त्याच्या दोन्ही तारा सॉकेटला लावल्या आणि हेडफोन परत चढवला. आकडा शून्यावर होता.

"नाही, आज नको," कानात आवाज आला.

आकडा हलला, पुन्हा शून्यावर आला.

आता हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. हेडफोन उलटाही चालतो. त्याच्या पडद्याजवळ तोंड नेऊन कुणी बोललं तर तो माईकसारखा वागतो, आणि सॉकेटवर असा बारीकसा आकडा हलतो. म्हणजे काय, तर बोलणारा पडद्याच्या अलीकडे होता. माझा कान आणि तो पडदा यांच्यामध्ये जी बोटभर पोकळी उरते, तिथे.

निलगिरीचा वास एकदम दाट झाला. मी चप्पलही न घालता काकूंच्या घरी पळाले. पाय पोळले ते नंतर कळलं.

काकू दिवाणावर गहू निवडत बसल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्या हसणार, असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"काय म्हणले?" त्यांनी विचारलं. "नेमके शब्द सांग."

"आधी म्हणाले, ठेव, साखर कमी टाक. मग म्हणाले, नाही, आज नको."

काकूंच्या हातातलं सूप तिरकं झालं, गहू सांडले.

"च्या ठेवू का, असं इचारलं होतं म्या," त्या हळू बोलल्या. "अन् मंग इचारलं, आंघोळीले पाणी काढू का. वायर कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सवयीनं इचारलं गेलं तोंडातून. मंग मीच स्वतःले म्हणलं, ऐकून कोण राह्यलं वं तुहं."

"वायर तुम्ही कापली?"

"मंग! अडकित्त्यानं."

आणि काकूंनी सांगितलं. त्यांची मुलगी करिष्मा. दहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, नाशिकला गेली. काका त्यावर काही बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. घरात आले की कानावर हेडफोन. काकूंनी तीन आठवडे सहन केलं आणि एका रात्री वायर कापून टाकली. सकाळी बघतात तर वायरीला चिकटपट्टी, आणि काका पुन्हा कानावर हेडफोन चढवून बसलेले.

"मले वाटलं, जोडली. मंग म्याबी म्हणलं, ऐकायचंच नाही ना तुमाले? नका ऐकू. अन् मी बोलाले लागली. यायच्या पाठीमागं उभी राहून, जे मनात येईन ते. नऊ वर्सं."

मी त्यांना काडेपेटीच्या काडीचं सांगितलं.

काकूंचा हात हळूच तोंडावर गेला.

"म्हंजे... सगळं ऐकलं?"

"सगळं."

"माय वं! म्या त्यायच्या बहिनीले काय काय बोलली!" असं म्हणून काकू जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी शेवटी ते हसू होतं की दुसरं काही, ते मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, काकू, हा हेडफोन नदीवर नेऊन टाकू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या पोळपाटाला हात लावला.

"नऊ वर्सांचे जवाब बाकी हायेत," त्या म्हणाल्या. "घेतल्याबिगर सोडू का?"

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की काकू मला हाक मारायच्या. एकटीनं ऐकायची त्यांची छाती नव्हती, आणि घरी थांबायची माझी नव्हती. आम्ही दोघी दिवाणावर बसायचो. वाट्या उलट्या फिरवून एक वाटी त्यांच्या कानाशी, एक माझ्या. वायर लावली की मुकाट टीव्ही ऐकू यायचा. वायर काढली की थोडा वेळ काहीच नाही. मग निलगिरीचा वास, मग श्वास, मग काका.

काकूंनी नऊ वर्षांत जे जे विचारलं होतं, त्याची उत्तरं ते देत होते. ओळीनं. एकही पुढंमागं न करता. प्रश्न कुठला ते मला काकू सांगायच्या, त्यांना सगळे पाठ होते.

"खारट," आवाज यायचा.

"वांग्याची भाजी!" काकू उसळायच्या. "करिष्माचे बाबा, नऊ वर्सानं सांगता का खारट झाली म्हणून? अन् तवा दोन डाव घेतली ते?"

"झाली. पण शोभते."

काकू लाजल्या. "मी जाड झाली का, असं इचारलं होतं," त्या पदर सावरत म्हणाल्या.

"तुहा भाऊ लय बोलते. त्यानंच टीव्ही पाहाले पाह्यजे," काका एकदा म्हणाले, आणि आम्ही दोघी दिवाणावर लोळण घेऊन हसलो. गिरणीवाल्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, कोणतं पिक्चर लागलं म्हणून.

भुताला मी घाबरत नव्हते असं नाही. श्वास सुरू झाला की माझ्या मानेवर काटा यायचाच. पण काकूंचा रंग पालटत होता. सकाळी उठून केस विंचरायच्या, चांगलं लुगडं नेसायच्या. वर्षभर ज्या बाईनं एक वेळची भाकरी धड खाल्ली नव्हती, ती मला विचारत होती, आज भरीत करू का, डबा देते रामलेबी.

एकच गोष्ट खटकत होती. दर दिवाळीला आणि दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, काकू काकांच्या पाठीमागं उभं राहून एक प्रश्न विचारायच्या. पोरीले बोलावू का? करिष्मा हट्टी होती, बापाचीच लेक. बाबांनी बोलावलं तरच येईन, म्हणायची. बाप गेल्याचं काकूंनी फोन करून सांगितलं, तेव्हाही ती आली नाही. "बाबांनी मले बोलावलं नाही. आता कोण बोलावणार?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

पहिल्या दिवाळीची उत्तरं आली. अनारशांचं आलं, आकाशकंदिलाचं आलं. मग करिष्माच्या प्रश्नाची जागा आली. काकूंनी माझा हात घट्ट धरला. कानात श्वास थांबला... पाच सेकंद, दहा सेकंद... आणि काका पुढच्या प्रश्नावर गेले. "हाव, बिल भरलं."

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. काकू हेडफोन उतरवून भिंतीकडे बघत बसायच्या. मी एकदा म्हणाले, "काकू, त्यांचं उत्तर कशाला पाहिजे? तुम्हीच बोलवा ना तिला."

"मी बोलावल्यानं येत नाही ना ते," काकू म्हणाल्या. "तिले बापाचा शब्द पाह्यजे. अन् बाप तं असा."

जून लागला तशी मला दुसरीच काळजी लागली. काका भराभर जवळ येत होते. आठवं वर्ष संपलं. नववं लागलं. आता मागच्या वर्षीचा माघ येणार होता. ज्या दुपारी ते दिवाणावर गेले, त्या दुपारीही काकू बोलतच होत्या. अर्धा तास. त्यांना वाटलं, नेहमीसारखे गप्प बसलेत. शेवटी हलवून पाहिलं, तेव्हा अंग गार पडलेलं होतं.

त्या अर्ध्या तासाचं काय होणार? मेलेल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येतात का?

तो दिवस आला. आम्ही दिवाणावर बसलो. काकूंनी वायर काढली. बाहेर ढग भरून आले होते, पण वारा नव्हता. गिरणी बंद होती.

"हाव, घातला," काका म्हणाले.

"स्वेटर घातला का, असं इचारलं होतं," काकू कुजबुजल्या. "हे जेवायच्या आधीचं. तवा होते ते..."

"पुरे. पोट भरलं."

"हेबी... तवाबी होते."

मग श्वास बदलला. एकदा लांब आत गेला, आणि बाहेर आला नाही. मी वाट बघितली. कानात काही म्हणजे काही नव्हतं. रिकाम्या माठाला कान लावल्यावर जो ऐकू येतो तो आवाजसुद्धा नाही. काकूंची नखं माझ्या मनगटात रुतली.

"हेच ते," काकू म्हणाल्या. "याच्या पुढं म्या..."

"नाही," आवाज आला.

तोच आवाज. पण आता त्याच्या आगेमागे श्वास नव्हता. नुसते शब्द येत होते.

"टीव्ही बंद करू का, म्हणलं होतं," काकू म्हणाल्या.

"नाही वं. थंडी नाही वाजून राह्यली आता."

काकूंनी डोळे मिटले. त्या दुपारी त्यांनी काकांच्या खांद्यावर शाल टाकली होती.

"मंग म्या शेवटचं इचारलं," त्या म्हणाल्या. "तेच. पोरीले बोलावू का."

मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. पाच. दहा. वीस. आता काका पुढे जाणार, असं वाटत असतानाच आवाज आला, आणि पहिल्यांदाच तो इतका जवळ होता की माझ्या कानाची पाळी हलल्यासारखी झाली.

"ती ऐकून राह्यली. माह्याच्यानं शब्द निंघत नाही. तूच म्हण, ये."

काकूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग मला म्हणाल्या, "लाव फोन."

मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला, स्पीकर सुरू केला. करिष्मानं उचलला.

"करिष्मा, तुहे बाबा म्हणतात, ती ऐकून राह्यली. म्हणतात, ये," काकू एका दमात म्हणाल्या.

मला वाटलं, फोन ठेवला. मग आवाज आला, "आई, तुले कोणं सांगितलं?"

"काय कोणं सांगितलं?"

"फोनचं."

आणि मग ती रडत रडत जे बोलली, ते ऐकून मी दिवाणावरून उठून भिंतीला टेकून उभी राहिले. नऊ वर्षं, दर रविवारी दुपारी, बाबांच्या नंबरवरून तिला फोन यायचा. बाबा बोलायचे नाहीत. सुरुवातीला ती हॅलो हॅलो करायची. मग तिनं तेही सोडलं. कारण मागून आईचा आवाज यायचा. आई भाजीचं बोलायची, मामाचं बोलायची, आत्याला शिव्या घालायची. करिष्मा तिकडे पोळ्या लाटत लाटत ते ऐकायची. बाबा मांडीवरच्या उपरण्याखाली फोन धरून बसतात, हे तिला ठाऊक होतं. आईला सांगितलं तर बंद होईल, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही.

"त्या दिवशीबी फोन चालू होता, आई," ती म्हणाली. "तू त्यायले शाल टाकली, ते ऐकलं म्या. पोरीले बोलावू का, हेबी ऐकलं. मी फोन कानाले लावून वाट पाहून राह्यली होती... आता तरी म्हणतीन म्हणून. मंग तू वरडली."

काकूंनी नाक पुसलं आणि विचारलं, "पोराले पुरणपोळी चालते का वं तुह्या?"

पुढच्या शनिवारी करिष्मा आली. नवरा, सहा वर्षांचा मुलगा, दोन मोठ्या पिशव्या. नाशिकची द्राक्षं नव्हती त्या दिवसांत, म्हणून तिनं चिवडा आणला होता. गिरणीवाल्यापासून सगळी गल्ली गोळा झाली. जावई बोलका निघाला, काकूंच्या भावाला पुरून उरला. काकूंनी पुरणाचा एवढा घाट घातला की रात्री आमच्याकडेही तेच, दुसऱ्या दिवशी रामच्या डब्यातही तेच.

दुपारी सगळे झोपल्यावर काकूंनी करिष्माच्या कानावर हेडफोन चढवला. वायर काढलेली. मी दारात उभी होते. करिष्मा ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"काही म्हणून राह्यले का?" काकूंनी विचारलं.

"नाही," करिष्मा म्हणाली. "नुसता श्वास हाय. फोनवर यायचा तोच."

माघातल्या त्या दुपारची उत्तरं आल्यापासून आम्हाला श्वास ऐकू आलेला नव्हता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

करिष्मा चार दिवस राहून गेली, दिवाळीला येते म्हणून. मला वाटलं, आता संपलं. काकांचं जे अडलं होतं ते सुटलं, आता हेडफोन मुका होईल आणि काकू त्यावर सिरीयल बघतील. माझंही सकाळचं कॉलेज सुरू झालं होतं. पण काका थांबले नाहीत. दशक्रियेच्या दिवशी काकू फोटोसमोर जे बोलल्या होत्या, त्याची उत्तरं आली. वर्षश्राद्धाची आली. मग मे महिन्यातली, मग जूनमधली, मग कालची.

एका रविवारी काकू हसतच माझ्याकडे आल्या.

"अवं, ऐक तं खरी गंमत. करिष्माचे बाबा आता माह्याही पुढं गेले. काल म्हणले, मेथी. म्या तं काही इचारलंच नव्हतं! आज सकाळी भाजीवाली आली अन् माह्या तोंडातून निंघालं, कोणती भाजी घेऊ? तवा ध्यानात आलं."

"काकू, हे बरं नाही," मी म्हणाले.

"काऊन? सोपं झालं ना वं. उद्याचा जवाब आजच भेटते."

मी त्यांच्या घरी गेले. मनात होतं की सॉकेट काढून टाकावं, वायर पुन्हा कायमची जोडून द्यावी. पेचकस सोबत घेतला होता. दिवाणावर बसले, आणि काढण्याआधी एकदा, शेवटचं, हेडफोन कानाला लावला. निलगिरीचा वास आला.

"हाव, ये," काका म्हणाले. अगदी आनंदात होते. "अन् त्या समीक्षालेबी सोबत आण. जागा हाय."

मी काकूंना सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या, थोडा विचार केला आणि खळखळून हसल्या.

"हे कायचं उत्तर हाय वं? म्या तं असं कुठं काही इचारणार नाही!" आणि तिथंच, मी नको नको म्हणत असताना, हेडफोनकडे वाकून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "करिष्माचे बाबा, लोणारले कमळजादेवीच्या दर्शनाले येऊ का?"

मी वाटी कानाशी धरली.

"ते नाही," आवाज आला.

ते उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते ओळखायचं, हा काकूंना आता खेळच झाला आहे. रोज दुपारी एक नवा प्रश्न शोधून काढतात. नाशिकले करिष्माच्या घरी येऊ का? ते नाही. भावाच्या नातीच्या लग्नाले येऊ का? ते नाही. पेचकस माझ्या हातात असतो आणि मी रोज ठरवते की आज सॉकेट काढायचं. पण काकू इतक्या रंगात येऊन विचारत असतात की धाडस होत नाही. शिवाय खरं सांगू? उत्तर ऐकल्याशिवाय मलाही घरी जाववत नाही.

काल काकू थकल्या होत्या. पाय चेपत बसल्या होत्या. खेळ म्हणून नाही, आपल्याशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "झोप लय येऊन राह्यली वं. जरा पडू का?"

हेडफोन माझ्या कानावर होता.

"ते नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून, "पण जवळ आली."